इम्प्लांट हाडात ‘रुजते’ म्हणजे काय, आणि त्याचे जादा पैसे कुणी, का मोजायचे?

गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांचा प्रकार बदलला आहे. पूर्वी रुग्ण रक्त-लघवीचे रिपोर्ट आणि एक्स-रे घेऊन यायचे. आता त्यासोबत चकचकीत कागदावर छापलेले एक माहितीपत्रकही असते. त्यावर गुडघ्याचा नाहीतर खुब्याचा फोटो, आणि खाली शब्द : ‘थ्री-डी प्रिंटेड टिटॅनियम’, ‘नॅनो सरफेस’, ‘बायो-अ‍ॅक्टिव्ह कोटिंग’, ‘हाडाशी एकजीव होणारा’. आसगाव, पवनी भागातला शेतकरी ते पत्रक उलटसुलट करतो आणि विचारतो, “साहेब, महागाचा बसवाचा का साधाच चालते?”

प्रश्न रास्त आहे. राग मला पत्रकाचा येतो. त्यात लिहिलेले विज्ञान बहुतेक वेळा खरे असते, पण ते ज्या माणसाला विकले जाते त्याला त्याचा उपयोग नसतो. आणि ज्याला उपयोग असतो, त्याच्यापर्यंत ते पत्रक पोचतच नाही.

मी हाडांचा डॉक्टर नाही. ऑपरेशनच्या आधी साखर, बीपी, हृदय तपासून ‘फिटनेस’ द्यायचा आणि ऑपरेशननंतर ताप, सूज, साखर सांभाळायची, हे माझे काम. म्हणजे आधी आणि नंतर रुग्ण माझ्याकडे असतो. मधे खरेदी होते तेव्हा नसतो. म्हणून हे लिहितो आहे.

आधी विज्ञान समजून घेऊ

घर बांधताना काँक्रीटचा गुळगुळीत खांब असला तर त्यावर गिलावा धरत नाही, हे गावातल्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. म्हणून तो आधी खांबावर टाचे मारतो. इम्प्लांटच्या पृष्ठभागाची सगळी विद्या या टाच्यांतून सुरू होते. फरक इतकाच की गिलावा निर्जीव आहे आणि हाड जिवंत.

स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टिटॅनियमची बारीक नळी बसवून आतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. अभ्यास संपल्यावर नळी काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला धरून बसले होते. या प्रकाराला पुढे त्यांनी ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले. आपण त्याला रुजणे म्हणू. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात लावले. ते स्क्रू त्या माणसाला चाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत पुरले. आणि हे स्क्रू लेथवर कातलेले, आजच्या हिशेबाने जवळजवळ गुळगुळीत होते. हा तपशील कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

मग खरखरीतपणाची गरज काय? गरज आहे. इम्प्लांट बसवले की त्याभोवती आधी रक्त साकळते. त्या साकळलेल्या रक्ताचे धागे पृष्ठभागाला चिकटतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशी त्या धाग्यांवरून चालत धातूपर्यंत येतात. पृष्ठभाग अगदी गुळगुळीत असला तर धागे सुटतात. थोडा खडबडीत असला तर पकड टिकते आणि पेशी थेट धातूवरच हाड घालू लागतात. दातांच्या इम्प्लांटमध्ये साधारण १ ते २ मायक्रॉन इतका खडबडीतपणा सर्वांत चांगला ठरला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १९९० च्या दशकात वाळूसारख्या कणांचा मारा करून मग आम्लात बुडवलेले पृष्ठभाग आले. पूर्वी खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबावे लागायचे, ते अनेक रुग्णांत सहा ते आठ आठवड्यांवर आले. ही खरी प्रगती आहे, मी ती नाकारत नाही.

खुब्याच्या सांध्यात आणखी पुढची गोष्ट लागते. तिथे नुसते टाचे पुरत नाहीत, भोके लागतात. साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची, एकमेकांना जोडलेली, म्हणजे हाड त्यांत शिरून आतून गुंफले जाईल. यासाठी कुणी धातूचे बारीक मणी भाजून चिकटवतात, कुणी प्लाझ्माच्या ज्वाळेतून धातूचा फवारा मारतात, कुणी हाडातलेच खनिज हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट त्याचा लेप देतात, आणि आता थ्री-डी प्रिंटिंगने जाळी थेट छापतात.

इथवर पत्रक आणि मी एकमत आहोत.

गुडघ्याला सिमेंट लावले, मग रुजणार काय?

आपल्याकडे बदलल्या जाणाऱ्या बहुसंख्य गुडघ्यांत सांधा हाडाला सिमेंटने बसवतात. हे घराचे सिमेंट नव्हे, अ‍ॅक्रिलिक प्रकारचे. जॉन चार्नली या इंग्रज सर्जननी खुब्यासाठी ते रूढ केले आणि साठ वर्षांहून जास्त काळ ते जगभर वापरात आहे. ऑपरेशनच्या टेबलावरच दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट होते. पासष्ट-सत्तर वर्षांच्या, मऊ झालेल्या हाडाच्या माणसाला ते उत्तम, आणि त्याचे निकालही उत्तम आहेत.

पण सिमेंट लावले म्हणजे हाड आणि धातू यांच्यामध्ये सिमेंटचा थर आला. हाड धातूला स्पर्शच करत नाही. मग ‘हाडाशी एकजीव होणारा पृष्ठभाग’ सिमेंटने बसवलेल्या गुडघ्यात काय करणार? विटांच्या भिंतीला प्लास्टर केल्यावर आतली वीट कोणत्या भट्टीची, हे पाहुण्याला सांगून जादा भाडे मागण्यातला प्रकार आहे हा. म्हणून पत्रक घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न सर्जनला विचारायला सांगतो : “डॉक्टर, माझा सांधा सिमेंटने बसवणार की बिनसिमेंटचा?” ‘सिमेंटने’ असे उत्तर आले की निम्मे पत्रक बाजूला ठेवता येते.

तीच गोष्ट सोनेरी गुडघ्याची. सोनेरी रंग सोन्याचा नसतो. तो टिटॅनियम नायोबियम नायट्राइडचा लेप असतो. तो सांध्याच्या घसरणाऱ्या बाजूला काम करतो. ज्यांना निकेलसारख्या धातूंची खरोखरच अ‍ॅलर्जी आहे अशा मोजक्या रुग्णांसाठी त्याचा विचार होतो. हाडाच्या पकडीशी त्याचा संबंध नाही, आणि बाकीच्यांत तो साध्या गुडघ्यापेक्षा जास्त वर्षे टिकतो हे सिद्ध झालेले नाही. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, आईसाठी ‘बेस्ट’ पाहिजे म्हणतो, आणि ‘बेस्ट’ म्हणजे सोनेरी असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. मुलाच्या भावनेला मी नाव ठेवत नाही. तिचा भाव ठरवणाऱ्याला ठेवतो.

१६ ऑगस्ट २०१७ ला राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा बाजारात काय चालले होते ते उघड झाले. कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याची छापील किंमत सरासरी १,५८,३२४ रुपये होती. ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी झाली. टिटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्याची सुमारे अडीच लाखांवरून ७६,६०० वर आली. एका रात्रीत गुडघ्यातला धातू बदलला नव्हता, भोके बुजली नव्हती. त्या आदेशात खुबा नव्हता, दातही नव्हते. म्हणून आता ‘स्पेशल सरफेस’ची सगळ्यात मोठी गर्दी कुठे दिसते, ते वेगळे सांगायला नको.

जास्त खरखरीत म्हणजे जास्त चांगले?

नाही. आणि हे शिकायला जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

इंग्लंडच्या एक्सेटर गावातल्या डॉक्टर-इंजिनिअरांनी १९७० मध्ये खुब्याचा एक दांडा तयार केला. सिमेंटमध्ये बसवायचा, आरशासारखा गुळगुळीत. निकाल छान होते. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग खरखरीत केला गेला. सिमेंट घट्ट धरेल असा तर्क वरवर बिनचूक वाटतो. प्रत्यक्षात दांडे सैल होण्याचे प्रमाण वाढले. सिमेंटमधला दांडा काळानुसार अगदी किंचित खाली बसतो. गुळगुळीत दांडा तसा बसताना पाचरीसारखा आणखी घट्ट होतो. खरखरीत दांडा सिमेंट घासून त्याचा भुगा करतो. १९८६ मध्ये पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत केला आणि तोच दांडा आज जगात सर्वांत जास्त भरवशाच्या दांड्यांत गणला जातो. मधल्या दहा वर्षांत ज्यांना खरखरीत दांडा बसला, त्यांच्यातल्या अनेकांनी त्या वरवर बिनचूक तर्काची किंमत पुन्हा ऑपरेशन करून दिली.

दुसरे उदाहरण हाडाबाहेरचे आहे. स्तनांच्या खडबडीत पृष्ठभागाच्या एका प्रसिद्ध इम्प्लांटचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी संबंध आढळला आणि जुलै २०१९ मध्ये ते जगभरातून परत मागवले गेले. खडबडीत जागा जंतूंनाही आवडते, हे विसरून चालत नाही. इम्प्लांट शरीरात गेल्या क्षणी एक शर्यत सुरू होते : जागा आधी कोण पकडणार, आपल्या पेशी की जंतू? दातांच्या इम्प्लांटचा खडबडीत भाग हिरडी उतरून उघडा पडला, की त्यावर बसलेला जंतूंचा थर काढता काढता दंतवैद्य थकून जातात.

जे खरोखर ठरवते, ते पत्रकात नसते

बिनसिमेंटचे इम्प्लांट रुजायला पृष्ठभागाच्या आधी एक गोष्ट लागते : ते पहिल्या दिवसापासून हलता कामा नये. १९८० च्या दशकात कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की २८ मायक्रॉनपर्यंत हालचाल असली तरी हाड भोकांत शिरते, पण १५० मायक्रॉन किंवा त्याहून जास्त हालचाल होत राहिली तर हाडाऐवजी नुसती चिवट दोऱ्यासारखी ऊती तयार होते. माणसाचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दोन केसांइतकी हालचाल सगळे रुजणे घालवू शकते. हे घट्ट बसवणे सर्जनच्या हातात आहे, कारखान्याच्या नाही. आपल्याकडे धान रोवताना पऱ्हे चिखलात नीट धरले नाही तर ते तरंगते. मग बियाणे कोणत्या कंपनीचे होते याचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट रुग्णाची. साखर ताब्यात नसली तर जखम भरत नाही, जंतुसंसर्गाची भीती वाढते, हाडही हळू बनते. मी एचबीए१सी पाहिल्याशिवाय फिटनेस देत नाही आणि तो आठच्या वर असला तर ऑपरेशन पुढे ढकलायला सांगतो. त्यावर मला ऐकवले जाते, “साहेब, तारीख मिळाली आहे, इम्प्लांटही चांगला घेतला आहे.” चांगला इम्प्लांट वाढलेल्या साखरेची भरपाई करत नाही.

आणि खर्रा. आमच्या भागात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देतात, आणि बांधीतल्या मजुरापासून मास्तरांपर्यंत सगळे तो खातात. बायाही खातात, फक्त सांगत नाहीत. निकोटीन फुफ्फुसातून गेले काय आणि गालातून गेले काय, बारीक रक्तवाहिन्या आवळतेच. आणि नव्या हाडाला पहिली गरज रक्ताची असते. सिगारेट ओढणाऱ्यांत दातांचे इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळते. खर्ऱ्यातल्या सुपारीने तोंडही आखडते. दोन बोटे आत जात नाहीत अशा तोंडात दंतवैद्याची ड्रिल जाणार कशी? ‘नॅनो सरफेस’साठी हजारो रुपये मोजायला तयार असलेला माणूस खर्रा सोडायला तयार नसतो, आणि विकणाराही त्याला सोड म्हणत नाही. तसे म्हटले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते.

मग महागडा पृष्ठभाग कुणासाठी?

हा भाग नीट वाचा, कारण मी तंत्रज्ञानाचा वैरी आहे असा समज करून घेणारे काही सर्जन मित्र आहेत.

पूर्व विदर्भात सिकलसेल हा घराघरांतला आजार आहे. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. गोळा मरतो, चपटा होतो, ढासळतो. हा रुग्ण सत्तर वर्षांचा नसतो. तो वीस-पंचवीस-तीस वर्षांचा असतो, रोवणीला जाणारा, नाहीतर नुकतेच लग्न झालेली मुलगी. त्याला मिळणारा सांधा पुढची तीस-चाळीस वर्षे टिकायला हवा. त्याच्या हाडाची पोकळी कुठे दगडासारखी कडक, कुठे पोकळ झालेली असते. जुन्या काळी अशा रुग्णांना सिमेंटचे सांधे बसवले, तेव्हा ते सैल होण्याचे आणि त्यांत पू होण्याचे प्रमाण फार मोठे होते. भोकांचा, हाड शिरू शकेल असा बिनसिमेंटचा पृष्ठभाग इथे खरोखर फरक करतो. इथे त्याचा एक-एक रुपया वसूल होतो.

आणि हाच रुग्ण पत्रक विकणाऱ्याच्या यादीत नसतो. तो रक्त चढवायला, दुखणे उठले की सलाइनला, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांना सरकारी दवाखान्याच्या ओळीत असतो. खुबा दुखतो म्हटले तर ‘सिकलसेलचेच दुखणे’ म्हणून वेदनाशामक घेऊन परत येतो. एमआरआय होतो तोवर गोळा ढासळलेला असतो. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, कार्डे वाटली जात आहेत, चांगलेच आहे. पण चालताना जांघेत दुखणाऱ्या प्रत्येक सिकलसेल मुलाचा खुबा वेळेत तपासला जाणे आणि गरज पडली तर त्याला योग्य सांधा सरकारी खर्चाने मिळणे, यावर बोलणारे फार थोडे आहेत. सिमेंटच्या गुडघ्याला ‘बायो-अ‍ॅक्टिव्ह’ चिकटवणाऱ्या बाजाराला तर यावर बोलायचे कारणच नाही.

कोणाला काय बसवले, ते कुणाला माहीत आहे?

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा खुबा आठवतो का? त्याच्या कटोरीला बाहेरून हाड धरण्यासाठी खरखरीत लेप होता. मुख्य घात आतल्या, चकचकीत बाजूने केला : धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते, आजूबाजूचे मांस मरत होते. ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांध्याची नोंद ठेवणारी राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यात हा सांधा पुन्हापुन्हा काढावा लागतो हे दिसले आणि तिथे तो २००९ च्या अखेरीस बाजारातून गेला. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला गेला. आपल्या महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे तक्रार केली, हे प्रशासनाचे श्रेय. केंद्राची तज्ज्ञ समिती बसायला मात्र २०१७ उजाडले. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा बसवला गेला होता. त्यांतल्या सुमारे ३,६०० जणांचा पत्ताच लागला नाही.

पत्ता लागला नाही, कारण लिहून ठेवलेलाच नव्हता. स्वीडनने १९७९ पासून खुब्याची नोंदवही ठेवली आहे. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. ज्याला वाटेल त्याने भरावी. इम्प्लांटच्या पृष्ठभागातला मायक्रॉन-मायक्रॉन मोजून सांगणारा उद्योग, तो पृष्ठभाग कोणत्या गावातल्या कोणत्या माणसाच्या आत आहे हे सांगू शकत नाही. नोंद सक्तीची झाली, की कोणता पृष्ठभाग आपल्या लोकांत, आपल्या साखरेत, आपल्या खर्ऱ्यात किती वर्षे टिकतो हे दहा वर्षांत कळेल आणि पत्रके छापायची गरज उरणार नाही. कदाचित म्हणूनच घाई कुणालाच नाही.

तोवर तुमची नोंद तुम्हीच ठेवा. प्रत्येक इम्प्लांटच्या डब्यात स्टिकर असतात. त्यांवर कंपनीचे नाव, मॉडेल, आकार आणि लॉट क्रमांक असतो. डिस्चार्ज कार्डावर ते स्टिकर चिकटवून मागा. गुडघ्याच्या बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच वेगळी दाखवणे रुग्णालयांना बंधनकारक केलेले आहे. ‘पॅकेजमध्ये आले’ हे उत्तर घेऊ नका. सरकारी योजनेत ऑपरेशन होत असेल तर आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. ज्यांचे ऑपरेशन होऊन गेले आहे त्यांनी रुग्णालयात लेखी अर्ज द्या. भरती रुग्णांचे कागद तीन वर्षे ठेवणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे. तीन वर्षे उलटली असली तरी अर्ज करा, बऱ्याच ठिकाणी जुने रजिस्टर असते. कागद मिळाला की मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवून ठेवा, कारण स्टिकरची शाई पाच-सहा वर्षांत उडते आणि सांधा त्याहून जास्त टिकायचा आहे.